सुटा भाग

सी-विभागाच्या धुलाईघरात यंत्रं चार, चालू तीन.
चौथ्याचा ड्रम मीच उपसून बाहेर ठेवला,
त्यात सामियेने पुदिना लावलाय.

मी मशीनवाला. पूर्वी जुन्या पुलापाशी दुकान होतं.
पूर्वी म्हणजे त्या फेब्रुवारीच्या आधी.
अंताक्यात एवढं सांगितलं की पुरतं.

कंटेनरला नंबर असतो : सी-एकशे अठरा.
कंटेनरला जिना नसतो,
जिन्यात थांबून "आज काय शिजवलंस?" विचारणारं कुणी नसतं.
पत्र्याला कान लावला तर शेजारचा खोकला ऐकू येतो,
पण खोकल्याला काही विचारता येत नाही.

विचारायचं ते धुलाईघरात.
एक फेरी पंचेचाळीस मिनिटांची.
तेवढ्यात माणूस जाणार कुठे?
इल्यासकाकांनी ढिगाऱ्यातून घराचं दार ओढून आणलं,
विटांच्या दोन थप्प्यांवर आडवं टाकलं,
झालं बाक.
कडी अजून तशीच आहे. पोरं बसल्या बसल्या वाजवतात
आणि दर वेळी
कुणीतरी चटकन मान वर करतं.

तिथे धुणी निघायची, उणीदुणीही.
नेझिहेच्या सुनेला कळा कधी लागल्या,
घरांच्या यादीत कुणाचं नाव गुपचूप वर सरकलं,
झोपेची गोळी कुठला डॉक्टर न कुरकुरता देतो,
आणि कोण तीन दिवस आलं नाही.
फेरिदेबाई आल्या नव्हत्या,
तेव्हा मुनिरे साबणाच्या हातांनीच धावली होती.
दार कसं उघडलं, आत काय होतं,
ते ती कुणाशी बोलली नाही.
फेरिदेबाई आता बाकावर मधोमध बसतात.
दोन्ही बाजूंना कुणी ना कुणी असतंच.

मग शरदात ट्रक आला.
प्रत्येक कंटेनरला स्वतःचं यंत्र, पांढरं शुभ्र, फुकट.
रांग नको, टोपली वाहणं नको.
नावं ठेवावीत असं त्यात काहीच नव्हतं.
आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटोत हसलो.

पंधरा दिवस बाक रिकामं.
ड्रममधला पुदिना सुकला.
संध्याकाळी दोनशे पत्र्यांच्या पोटात
दोनशे एकेकट्या गरगरी.

पहिली तक्रार नेझिहेची : पाणी उतरत नाही.
गेलो. पाइप काढला, पंप फिरवून पाहिला.
माझ्या गुडघ्यांपेक्षा ठणठणीत.
ती माझ्याकडे पाठ करून चहा ओतत होती.
"बिघडलंय ना?"
दारापाशी टोपली भरून तयार,
वर लॉरेलच्या तेलाचा हिरवा साबण.

मी वहीत लिहिलं : पंप गेला. सुटा भाग यायचाय.

दुसऱ्या दिवशी मुनिरे.
त्या आठवड्यात अकरा.
इल्यासकाकांच्या यंत्राचं तर प्लास्टिकही निघालं नव्हतं.
"चालतच नाही," ते वेष्टनावर हात ठेवून म्हणाले.
मी गंभीरपणे मान हलवली, लिहून घेतलं.

कचेरीतून फोन : कसली ही कंपनी? भाग येणार कुठून?
लांबून, मी म्हणालो. वेळ लागेल.

काल चौकशीला एक तरुण आला, हातात फाईल.
बोलण्यावरून इथलाच, आसीकाठचा.
यंत्रं तिन्ही घुमत होती. सामिये ड्रममध्ये नवी रोपं दाबत होती.
त्याने माझी वही मागितली, पानं उलटली,
पंप, पंप, पंप, तार, पुन्हा पंप.
एकदा माझ्याकडे बघितलं.
काहीतरी विचारणार होता,

तेवढ्यात कुणा पोराने कडी वाजवली.

त्यानेही मान वर केली.
दाराकडे नाही; दार तर बायकांखाली आडवं पडलं होतं.
तिकडे कुठेतरी, जिथे पूर्वी दारं असायची.

फेरिदेबाई थोड्या सरकल्या.
"बैस," त्या म्हणाल्या,
"अजून चाळीस मिनिटं आहेत."